बिल्ड पूर्ण, फोन मात्र लोगोवरच: स्वतः बांधलेली रॉम जुन्या फोनवर बूट होत नसेल तर

टर्मिनलवर हिरव्या अक्षरांत बिल्ड पूर्ण झाल्याची ओळ येते. झिप फोनवर चढते, रिकव्हरी (सिस्टम चढवायचा, पुसायचा वेगळा मोड) काही कुरकुर करत नाही, तुम्ही रीबूट दाबता आणि फोन कंपनीच्या लोगोपुढे सरकतच नाही. जुन्या फोनसाठी एओएसपी (अँड्रॉइडचा खुला मूळ सोर्स) किंवा त्यावर बेतलेलं लिनिएज यांची रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टम, स्वतः बांधायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं. मी तीन जुन्या फोनवर मिळून हा प्रकार इतक्यांदा निस्तरलाय की आता फोन अडकला तर आधी चहा ठेवतो, मग केबल शोधतो.

कंपायलर खूश झाला म्हणजे कोड जुळला, एवढंच. फोनमधल्या जुन्या बंद फाइली (कंपनीच्या, सोर्स नसलेल्या; यांनाच ‘ब्लॉब’ म्हणतात), कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टमचा गाभा) आणि आधीचा डेटा यांच्याशी तो कोड जुळतो का, हे कंपायलरला कळत नाही. त्यामुळे अडकलेला फोन बघून लगेच कोड उकरायला बसू नका. माझ्याकडचे निम्म्याहून जास्त बूटलूप (बूट होतानाच अडकणं) सोर्समधली एकही ओळ न बदलता सुटलेत.

लक्षणं

‘बूटलूप’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात निदान पाचसहा वेगळे आजार असतात. फोन कुठल्या पायरीवर थांबतो ते आधी लिहून ठेवा, सेकंदांसकट.

लोगो येतो, स्क्रीन काळी होते, पुन्हा लोगो, आणि अ‍ॅनिमेशन एकदाही दिसत नाही: कर्नल तरी पडतंय किंवा इनिट (कर्नलनंतर सुरू होणारा, बाकी सेवा उठवणारा प्रोग्राम) पहिल्याच टप्प्यात थांबतंय.

लोगोवर गोठतो, रीस्टार्टही होत नाही: कर्नल सुरूच झालेलं नसण्याची शक्यता जास्त.

दोनचार मिनिटं धडपडून फोन आपसूक फास्टबूटमध्ये, म्हणजे बूटलोडरच्या (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) मोडमध्ये, जाऊन बसतो: हा योगायोग नव्हे. ‘क्रिटिकल’ अशी खूण असलेली एखादी सेवा चार मिनिटांत चारपेक्षा जास्त वेळा पडली, तर इनिट मुद्दाम फोन बूटलोडरमध्ये ढकलतं. जुन्या आवृत्त्यांत रिकव्हरीत ढकलायचं.

अ‍ॅनिमेशन फिरत राहतं, संपतच नाही: वरची एखादी सेवा कशाची तरी वाट बघत बसलीये.

अ‍ॅनिमेशन मधेच अडखळतं आणि लोगो न दाखवता पहिल्यापासून सुरू होतं: सिस्टम सर्व्हर (मुख्य सेवा चालवणारी प्रक्रिया) पडतोय, त्याच्यासोबत झायगोटही (त्याला आणि अ‍ॅप्सना जन्म देणारी प्रक्रिया) पडतोय आणि इनिट ते सगळं पुन्हा उभं करतंय.

लॉक स्क्रीन दिसते आणि मिनिटभरात फोन रीस्टार्ट होतो: मोडेम किंवा वायफायच्या फर्मवेअरवर (चिपमधल्या सॉफ्टवेअरवर) पहिला संशय.

अ‍ॅनिमेशन दिसलं की मी सुटकेचा श्वास टाकतो. स्क्रीनवर ते रंगतंय याचा अर्थ कर्नल उठलं, विभाजनं (मेमरीचे वेगवेगळे भाग) माउंट झाली, ग्राफिक्सचे ब्लॉब काम करताहेत. अवघड भाग पार पडलेला असतो.

काहीही करण्याआधी

रिकव्हरीतून ईएफएस, पर्सिस्ट आणि मोडेमशी संबंधित छोट्या विभाजनांची प्रत काढा आणि ती संगणकावर ठेवा, फोनच्या मेमरीत नव्हे. क्वालकॉमच्या फोनवर यात मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२ येतात. ही विभाजनं काही एमबींची असतात, प्रत काढायला मिनिटभर लागतं. आयएमईआय आणि रेडिओची जुळवणी तिथे असते आणि ती दुसऱ्या कुणाच्या फोनवरून उचलून आणता येत नाही. एकदा मी हे टाळलं होतं. त्या फोनला आजही सिम दिसत नाही, घड्याळ म्हणून वापरतो.

तपासण्या, स्वस्तापासून महागाकडे

१. थांबा

खरंच थांबा. पहिल्या बूटला अ‍ॅण्ड्रॉइड अ‍ॅप्सचा कोड फोनच्या प्रोसेसरसाठी तयार करून ठेवतं. बिल्डमध्ये डेक्सप्रीऑप्ट (हेच काम बिल्डच्या वेळी उरकणारा पर्याय) बंद असेल, तर हे सगळं ओझं फोनवर येतं. जुन्या, हळू मेमरीच्या फोनला दहापंधरा मिनिटं सहज लागतात. अ‍ॅनिमेशन एकदाही न अडखळता फिरत असेल, तर अर्धा तास द्या. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, कारण जुनी बॅटरी बूटच्या ताणात व्होल्टेज सोडते आणि तो रीस्टार्ट हुबेहूब बूटलूपसारखा दिसतो.

२. फाइल तीच आहे का

संगणकावरच्या आणि फोनवरच्या झिपची शा२५६ बेरीज (फाइलचा ठसा) जुळवून बघा. सैल केबलमुळे अर्धवट गेलेली झिप पकडायला याहून स्वस्त उपाय नाही. मग फोनचं कोडनेम (मॉडेलचं अंतर्गत नाव) बघा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलांचे कोडनेम वेगळे असतात, कधी आत प्रोसेसरही वेगळा. रिकव्हरी ‘एरर ७’ देत असेल, तर बहुतेक वेळा झिप आणि फोन जुळत नाहीत असं ती सांगतेय. झिप उघडून ती अट खोडण्याचा सल्ला तुम्हाला सर्रास मिळेल. फोन नक्की तोच आहे याची खात्री झाल्याशिवाय तो ऐकू नका. ती अट म्हणजे दाराची कडी आहे, अडथळा नाही.

३. डेटा फॉरमॅट करा, नुसता पुसू नका

सगळ्यात जास्त फोन इथेच सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

रिकव्हरीतलं ‘वाइप’ आणि ‘फॉरमॅट डेटा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाइप बहुतेक वेळा फाइली काढतं, पण विभाजनाची मांडणी आणि एन्क्रिप्शन तसंच ठेवतं. फॉरमॅट ते विभाजन नव्याने घडवतं. आधीच्या रॉमने डेटा एन्क्रिप्ट केला असेल आणि तुमच्या रॉमला ती किल्ली वापरता येत नसेल, तर फोन अ‍ॅनिमेशनवर लटकतो किंवा रिकव्हरीत परततो. जुन्या फोनमध्ये हे फार होतं, कारण ते पूर्ण डिस्क एन्क्रिप्शनच्या काळातले आहेत. अ‍ॅण्ड्रॉइड १० पासून नव्या फोनना ती पद्धत वापरायला मनाई झाली आणि अ‍ॅण्ड्रॉइड १३ मध्ये तिचा आधार पुरता काढून टाकला. म्हणजे अ‍ॅण्ड्रॉइड ९ च्या अशा एन्क्रिप्ट केलेल्या डेटावर स्वतःची १३ चढवली, तर आत काय आहे हे नव्या सिस्टमला वाचताच येणार नाही.

दुसरं कारण सह्यांचं. घरी बांधलेलं बिल्ड, तुम्ही वेगळं काही केलं नसेल तर, सर्वांना माहीत असलेल्या टेस्ट कीजने (चाचणीच्या किल्ल्यांनी) सही होतं. अधिकृत बिल्डची किल्ली वेगळी. अधिकृत रॉमवरून डेटा न काढता स्वतःचीवर उडी मारली की सिस्टम अ‍ॅप्सच्या सह्या जुन्या नोंदींशी जुळत नाहीत आणि सिस्टम सर्व्हर सुरू होता होताच पडतो. लक्षण: अडखळून पुन्हा सुरू होणारं अ‍ॅनिमेशन. ‘फक्त एक छोटा बदल केलाय, डेटा कशाला घालवू’ असं म्हणत मी एक अख्खी रात्र घालवलीये. फॉरमॅटला वीस सेकंद लागले.

फॉरमॅट केल्यावर फोनमधले फोटो, फाइली सगळं जातं. आधी प्रत काढा.

४. अंगावरचे दागिने काढा

गूगल अ‍ॅप्स, रूट, वेगळं कर्नल, थीम यांतलं काही नको. फक्त तुमची रॉम चढवा आणि बूट करा. गूगल अ‍ॅप्सचं पॅकेज अ‍ॅण्ड्रॉइडच्या त्याच आवृत्तीचं आणि त्याच आर्किटेक्चरचं लागतं. एक खुबी लक्षात ठेवा: काही जुन्या फोनचा प्रोसेसर ६४ बिटांचा असतो, पण कंपनीने त्यावर ३२ बिटांचीच सिस्टम दिलेली असते. प्रोसेसरचं नाव बघून पॅकेज निवडलं की फसगत होते. तुमच्या डिव्हाइस ट्रीत (त्या फोनपुरत्या सोर्स फोल्डरात) कुठलं आर्किटेक्चर लिहिलंय ते बघा.

५. फर्मवेअर

मोडेम, ट्रस्टझोन (प्रोसेसरचा सुरक्षित कप्पा) वगैरे तुमच्या झिपमध्ये बहुधा नसतात. ते फोनवर आधीपासून असलेले चालतात. तुमचे ब्लॉब कंपनीच्या शेवटच्या अपडेटमधून घेतलेले आणि फोन दोन अपडेट मागे, तर फिंगरप्रिंट, रेडिओ किंवा एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणारी सेवा पडू शकते. कंपनीची शेवटची सिस्टम एकदा चढवा, ती बूट होते का बघा, मग आपली. यात आणखी एक फायदा आहे: मूळ सिस्टमच बूट होत नसेल, तर दोष तुमच्या बिल्डमध्ये नाहीच.

उलट दिशेने, म्हणजे मुद्दाम जुनं फर्मवेअर चढवायला, जाऊ नका. ज्या फोनना रोलबॅकपासून संरक्षण आहे, ते यात कायमचे मरू शकतात.

६. आता लॉग

इथपर्यंत एकही पैसा लागला नाही आणि डोकंही फारसं लागलं नाही. इथून पुढे अंदाजाने काही बदलायचं नाही. लॉग मिळाल्याशिवाय ट्रीला हात लावायचा नाही, हा नियम मी स्वतःवर घालून घेतलाय आणि तो मोडला की हटकून फसतो.

अ‍ॅनिमेशन दिसत असेल, तर फोन केबलने जोडून एडीबी लॉगकॅट (फोनमधल्या घडामोडींच्या नोंदी संगणकावर दाखवणारी आज्ञा) चालवा, सगळे बफर घेऊन, आणि फाइलमध्ये साठवा. इथे नवशिक्या माणसाची पहिली अडचण येते: एडीबी म्हणतं ‘अनऑथोराइज्ड’, आणि परवानगीची खिडकी दाखवायला फोन तर उठलेलाच नाही. यावर सोपा मार्ग म्हणजे शिकण्याच्या काळात यूजरडीबग या नेहमीच्या प्रकाराऐवजी एंग (इंजिनीअरिंग) प्रकाराचं बिल्ड करायचं. लिनिएजच्या ट्रीत त्याने ही परवानगीची अट निघून जाते. एंग बिल्ड हळू असतं, ते रोज वापरायचं नाही, फक्त दोष शोधायचा.

केबल जोडलेली असताना फोन वेगळा वागू शकतो, हेही ध्यानात असू द्या. अ‍ॅण्ड्रॉइड ८ पासून ‘रेस्क्यू पार्टी’ नावाची व्यवस्था आहे. सिस्टम सर्व्हर पाच मिनिटांत पाचपेक्षा जास्त वेळा पडला, तर ती सेटिंग्ज मूळपदावर आणू लागते आणि शेवटी रिकव्हरीत नेऊन फॅक्टरी रीसेट सुचवते. यूजरडीबग बिल्डवर यूएसबी डेटा केबल जोडलेली असेल, तर ती गप्प बसते. ‘संगणकाला लावला की अ‍ॅनिमेशन, काढला की रिकव्हरी’ या कोड्याने मला दोन दिवस घुमवलं होतं.

लॉग वाचताना शेवटचा नव्हे, पहिला अपघात शोधा. एक सेवा पडते, तिच्यावर टेकलेल्या दहा पडतात आणि शेवटची ओरड सगळ्यात मोठी असते. ‘कॅनॉट लिंक एक्झिक्युटेबल’, ‘फेटल सिग्नल’ आणि ‘फेटल एक्सेप्शन इन सिस्टम प्रोसेस’ हे तीन शब्दसमूह शोधले की बहुतेक वेळा वाट सापडते.

अ‍ॅनिमेशनच दिसत नसेल, तर लॉगकॅट कामाचं नाही. तेव्हा मागच्या बूटचा कर्नल लॉग हवा. फोन लूपमध्ये असतानाच बटणं दाबून थेट रिकव्हरीत जा आणि पीस्टोअर फोल्डरातली कन्सोल रॅमऊप्स ही फाइल बाहेर काढा. बऱ्याच जुन्या कर्नलांत तोच ऐवज प्रॉक फोल्डरात लास्ट केएमएसजी नावाने असतो. हा लॉग रॅममध्ये राहतो. बॅटरी काढलीत किंवा फोन पूर्ण बंद केलात की गेला. फोल्डर रिकामा मिळाला, तर कर्नलच्या डिफकॉन्फिगमध्ये (पर्यायांच्या यादीत) पीस्टोअरचे पर्याय चालू आहेत का ते बघा. नसतील, तर तेवढे चालू करून पुन्हा बांधा. आंधळेपणाने दहा बिल्ड करण्यापेक्षा हे एक बिल्ड स्वस्त पडतं.

७. आउट फोल्डरातला शिळा माल

ट्रीत बदल केला, बिल्ड पाच मिनिटांत संपलं, फोनची तक्रार तीच. अशा वेळी जुन्या फाइली आउट फोल्डरात (बिल्डचा तयार माल जमतो तिथे) तशाच राहून नव्या इमेजमध्ये शिरलेल्या असतात. विशेषतः एखादा ब्लॉब यादीतून काढला असेल, तर तो काढला गेलाय असं गृहीत धरू नका. इन्स्टॉलक्लीन (इमेजमध्ये जाणाऱ्या जुन्या फाइली पुसणारी आज्ञा) चालवून पुन्हा बांधा. पूर्ण क्लीन करायची वेळ क्वचित येते आणि त्याला तासच्या तास जातात. डिव्हाइस, कर्नल आणि व्हेंडर (ब्लॉब असतात ती) या तिन्ही ट्री एकाच आवृत्तीच्या शाखेवर आहेत ना, तेही आत्ताच बघून घ्या.

८. ब्लॉब

‘कॅनॉट लिंक एक्झिक्युटेबल’ दिसलं की त्याच ओळीत उत्तर असतं. एक तर लायब्ररी सापडत नाही, नाहीतर लायब्ररी आहे पण तिच्यात हवं ते फंक्शन नाही.

सापडत नसेल, तर ती मूळ सिस्टममधून उचलून प्रोप्रायटरी फाइल्सच्या यादीत घाला, आणि यादी बदलल्यावर व्हेंडरची मेकफाइल (इमेजमध्ये काय घालायचं ते सांगणारी फाइल) पुन्हा तयार करायला विसरू नका. फाइल फोल्डरात आहे पण मेकफाइलमध्ये नाही, म्हणजे इमेजमध्ये नाही. ही चूक मी अजूनही करतो.

फंक्शन नसेल, तर जुना ब्लॉब जुन्या अ‍ॅण्ड्रॉइडकडून जे मागायचा, ते नव्याने काढून टाकलंय. अशा वेळी ते हरवलेलं फंक्शन पुरवणारी छोटी शिम लायब्ररी लिहून ब्लॉबला जोडतात. तुमच्याच चिपच्या दुसऱ्या एखाद्या फोनच्या ट्रीत ती बहुधा आधीच लिहिलेली असते, तिथे शोधा.

न संपणाऱ्या अ‍ॅनिमेशनमध्ये ‘वेटेड वन सेकंड फॉर’ अशी ओळ पुन्हा पुन्हा दिसेल आणि पुढे एखाद्या हॅलचं (हार्डवेअरशी बोलणाऱ्या सेवेचं) नाव असेल. मॅनिफेस्टमध्ये (हॅलच्या यादीत) तुम्ही तो हॅल आहे असं जाहीर केलंय, पण ती सेवा उठत नाहीये. एक तर ती बिल्डमध्ये घाला, नाहीतर मॅनिफेस्टमधून नोंद काढा.

९. एसईलिनक्स

कर्नलच्या कमांडलाइनमध्ये एसईलिनक्स (कुणाला कशाची परवानगी ते ठरवणारी सुरक्षा) परमिसिव्ह, म्हणजे नुसती नोंद घेणारं पण न अडवणारं, करून एक बूट इमेज (कर्नल आणि सुरुवातीच्या फाइलींचं पॅकेट) बांधा. फोन उठला, तर दोष धोरणात आहे आणि लॉगमधल्या ‘एव्हीसी डिनाइड’ ओळी तुमची कामाची यादी. यूजर प्रकारच्या बिल्डवर ही युक्ती चालत नाही, यूजरडीबग किंवा एंग लागतं.

त्या ओळी ऑडिट२अलाउमध्ये (नकारांवरून परवानगीचे नियम बनवणाऱ्या साधनात) ओतून जे बाहेर येईल ते तसंच चिकटवू नका. निम्म्या वेळा नेव्हरअलाउ (ही परवानगी कधीच नाही अशा) नियमावर आपटाल, आणि उरलेल्या वेळी नको ती दारं उघडाल. परवानगी नसणं हा खरा रोग फार कमी वेळा असतो. बहुतेकदा फाइलला किंवा डिव्हाइस नोडला योग्य लेबल लागलेलं नसतं, आणि फाइल कॉन्टेक्स्ट्समध्ये (लेबलांच्या यादीत) एक ओळ टाकली की वीस तक्रारी एकदम जातात. फोन उठला म्हणून परमिसिव्ह तसंच ठेवून रोजच्या वापराला घेणं मात्र चुकीचं आहे. सुरक्षेची भिंत पाडून घर हवेशीर झालं म्हणण्यासारखं ते.

१०. कर्नल, एफएसटॅब, बूट इमेज

सगळ्यात कठीण भाग, म्हणून शेवटी. आधी तो अर्धा करून घ्या: त्याच आवृत्तीची, त्याच फोनची चालणारी दुसरी बूट इमेज मिळत असेल, तर ती तुमच्या सिस्टमबरोबर लावून बघा. फोन उठला, तर दोष तुमच्या बूट इमेजमध्ये. वायफाय चालणार नाही कदाचित, कारण कर्नल मॉड्यूल जुळत नाहीत, पण आत्ता त्याची फिकीर नको. बऱ्याच फोनवर फास्टबूटने इमेज न चढवता नुसती एकदा बूट करून बघता येते. ती सोय असेल, तर तीच वापरा.

मग मूळ बूट इमेज उलगडून बेस पत्ता, पेजसाइझ आणि कमांडलाइन तुमच्या डिव्हाइस ट्रीतल्या बोर्डकॉन्फिग फाइलशी ताडून बघा. यातला एक आकडा चुकला की फोन लोगोवर गोठतो आणि लॉगही उरत नाही. डिव्हाइस ट्री ब्लॉब (कर्नलला हार्डवेअरची मांडणी सांगणारी फाइल; वरची डिव्हाइस ट्री किंवा कंपनीचे ब्लॉब नव्हे) इमेजमध्ये गेलाय का, तेही बघा. एफएसटॅबमध्ये (विभाजनं कशी माउंट करायची त्या यादीत) विभाजनांचे बाय-नेम मार्ग बरोबर आहेत का आणि पूर्ण डिस्क एन्क्रिप्शनचे जुने पर्याय शिल्लक आहेत का, हे तपासा. फार जुनं कर्नल, म्हणजे ३.४ किंवा ३.१० सारखं, नव्या क्लँग कंपायलरने बांधलं तर कधी बांधलंच जात नाही आणि कधी बांधलं जाऊनही उठत नाही. जीसीसी ४.९ या जुन्या कंपायलरने बांधून बघा.

आणि एक भिंत आधीच माहीत असलेली बरी. अ‍ॅण्ड्रॉइड १२ मध्ये नेटवर्कच्या हिशेबाचं काम आयपीटेबल्स या जुन्या व्यवस्थेकडून पूर्णपणे ईबीपीएफकडे (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायच्या सोयीकडे) गेलं. त्याचा नीट आधार कर्नल ४.९ पासून आहे. ४.४ साठी लोकांनी तो मागे नेला, पण ३.१८ आणि त्याआधीच्या कर्नलांसाठी ते काम इतकं मोठं होतं की लिनिएज १९ मध्ये अनेक जुने फोन मागे पडले. लॉगमध्ये बीपीएफलोडर अपयशी झाल्यामुळे रीबूट अशी नोंद दिसली आणि कर्नल ३.x असेल, तर अ‍ॅण्ड्रॉइड ११ वर या. शिकायला ते पुरेसं आहे.

कुठे थांबायचं

फोन रिकव्हरीत किंवा बूटलोडरच्या पडद्यावर अर्धा तास नुसता ठेवून बघा. तिथेही आपसूक रीस्टार्ट होत असेल, तर दोष हार्डवेअरचा आहे: अडकलेलं पॉवर बटण, मेलेली बॅटरी किंवा बोर्ड. पुढे एकही बिल्ड करू नका, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

बॅटरी फुगली असेल, पाठीचं झाकण उचललं असेल, तर लगेच थांबा. चार्ज करू नका, दाबू नका, स्वतः उचकटू नका.

कर्नल लॉगमध्ये ईएमएमसीच्या वाचण्यालिहिण्याच्या चुका दिसत असतील, फॉरमॅट अर्धवट राहत असेल किंवा चढवलेली फाइल रीबूटनंतर गायब होत असेल, तर मेमरी चिप संपत आलीये. निघेल तेवढा डेटा काढून घ्या आणि लिहिणं थांबवा. चिप बदलणं हे सोल्डरिंगचं काम आहे, तुमचं माझं नाही.

स्क्रीन पूर्ण काळी आणि संगणकावर फोन फक्त ‘क्यूडीलोडर ९००८’ म्हणून दिसतोय, तर बूटलोडरच गेलाय. त्या फोनसाठी सही केलेला प्रोग्रामर (मेमरीत लिहिणारी खास फाइल, माणूस नव्हे) लागतो. कुठूनतरी मिळालेल्या फाइली त्यावर मारून बघू नका.

आयएमईआय शून्य दिसतोय आणि ईएफएसची प्रत नाही, तर कंपनीच्या सेवा केंद्रातच जा. आयएमईआय ‘लिहून देणारी’ सॉफ्टवेअरं वापरू नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे.

दुरुस्तीला देताना बूटलोडर अनलॉक आहे आणि शेवटचं काय चढवलं, हे एका कागदावर लिहून द्या, कोडनेमसकट. नाहीतर तो बिचारा दिवसभर तुमच्या रॉमशी झगडत बसतो आणि पॉवर बटणाकडे संध्याकाळी बघतो.